प्रज्ञावान मुलांच्या उपक्रमात कोणाला घ्यावे? गोव्यातल्या पालक-शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

पालक-शिक्षक संघाची बैठक संपली की दोन-तीन पालक हमखास मागे थांबतात. कोणी विचारते, "टीचर, आमची मुलगी हुशार आहे, तिच्यासाठी शाळेत काही वेगळे नाही का?" आणि निवड झाल्यावर कोणी विचारते, "शेजारच्या मुलाला घेतले, आमच्याला का नाही?" मी २१ वर्षे डिचोली आणि सत्तरी तालुक्यांत प्राथमिक वर्गांना शिकवते आहे. आमच्या भागातल्या काही शाळा मिळून शनिवारी एक जादा वर्ग चालवतात, त्याच्या निवडीचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र लिहिते आहे. जिथे मत माझे आहे तिथे तसे म्हटले आहे.

प्रज्ञावान मूल म्हणजे नेमके कोण? हुशार मुलापेक्षा ते वेगळे असते का?

माझी कामापुरती व्याख्या अशी: वर्गात जे शिकवले जाते ते ज्याला आधीच येत असते किंवा एकदा ऐकून येते, आणि उरलेला तास जो खिडकीबाहेर बघत काढतो, त्या मुलाला वेगळे काही द्यायची गरज आहे. निवड या गरजेवरून व्हावी असे मला मनापासून वाटते. "लायक कोण?" असे विचारले की बक्षीस वाटल्यासारखे होते, आणि बक्षीस ज्याचे अक्षर वळणदार, ज्याचे आईवडील शाळेत येऊन बोलतात, त्याच्याकडे जाते. "या वर्गात कोणाची भूक भागत नाही?" असे विचारून बघा, वेगळीच मुले डोळ्यांसमोर येतात.

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ साली तीन वर्तुळांची मांडणी केली. सरासरीहून बरी क्षमता, हाती घेतलेले काम तडीला नेण्याची चिकाटी आणि सर्जनशीलता. तिन्ही वर्तुळे जिथे एकमेकांवर येतात तिथे प्रज्ञा दिसते असे ते म्हणतात. पहिल्या वर्तुळात त्यांनी "अलौकिक" क्षमता मागितलेली नाही, "सरासरीहून बरी" एवढीच मागितली आहे, हे मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडे पुण्यात १९६२ साली वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती याच मुलांचा विचार करून. त्यामुळे हा विषय परदेशातून नुकताच आला आहे असे कोणी म्हटले तर ते खरे नाही.

माझा मुलगा दरवर्षी पहिला येतो. मग तो आपोआप पात्र व्हायला नको का?

आपोआप नको. वार्षिक परीक्षेत जे शिकवले तेवढेच विचारतात, आणि पहिला येणारा मुलगा ते उत्तम करतो. तो पात्र असेलही. पण नव्या, न शिकवलेल्या गोष्टीसमोर तो कसा वागतो ते बघितल्याशिवाय सांगता येत नाही. काही पहिले येणारे उत्तर ठरलेले नसले की अस्वस्थ होतात, "टीचर, हे पुस्तकात कुठे आहे?" म्हणून विचारतात. आणि सातवा-आठवा येणारा एखादा तिथे रंगून जातो.

गोव्यात सध्या अशा मुलांसाठी काय काय आहे?

अमेरिकेतल्या बऱ्याच जिल्ह्यांत जसा या मुलांचा वेगळा कार्यक्रम शाळेतच असतो, तशी पद्धत आपल्याकडे रूढ नाही. जे आहे ते विखुरलेले आहे.

जवाहर नवोदय विद्यालये दोन आहेत, उत्तरेत वाळपईला आणि दक्षिणेत काणकोणला. सहावीच्या प्रवेशासाठी निवड चाचणी होते, निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात, आणि चाचणी मराठीतूनही देता येते. मात्र ती आयुष्यात एकदाच देता येते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला त्या दिवशी ताप असेल तर दार बंद. हा नियम मला कधी पटला नाही.

आठवीत राष्ट्रीय साधन-सह-गुणवत्ता शिष्यवृत्तीची परीक्षा असते. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या, साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली की नववीपासून वर्षाला १२,००० रुपये मिळतात. इन्स्पायर-मानक योजनेत मुलांनी स्वतःच्या कल्पना पाठवायच्या असतात, निवडलेल्या कल्पनेला १०,००० रुपये मिळतात. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा १९६३ पासून होती, २०२१ मध्ये ती थांबवली. आमच्या पिढीला तीच एक माहीत होती, त्यामुळे पालक अजून तिचीच पुस्तके विकत आणतात.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभा असलेल्या मुलांवर स्वतंत्र परिच्छेद आहेत. शाळा, शाळासंकुल आणि जिल्हा पातळीवर विज्ञान, गणित, संगीत, बुद्धिबळ, काव्य, वादविवाद अशी मंडळे काढावीत, आणि बी.एड. करतानाच या मुलांना शिकवण्याचे विशेष प्रशिक्षण घेता यावे, असे त्यात म्हटले आहे. मंडळात कोणाला घ्यायचे याचा निकष धोरणात नाही. म्हणजे तो ठरवायचे काम तुमच्या-माझ्यावर येते.

बुद्ध्यंक १३० च्या वर असला की झाले, असे ऐकले आहे. खरे का?

अनेक ठिकाणी १३० ही रेघ आहे. सरासरी १०० धरली तर १३० च्या वर शंभरात साधारण दोन मुले येतात. रेघ सोयीची आहे, पण ती आखली माणसांनी. चांगल्यातल्या चांगल्या चाचणीतही चार-पाच गुण इकडेतिकडे होतात, तेव्हा १२८ आणि १३१ मध्ये फरक आहे असे मी कोणत्याही आईच्या तोंडावर सांगू शकणार नाही.

थोडा इतिहास इथे सांगायला हवा. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी पहिली चाचणी केली ती ज्या मुलांना जादा मदत हवी ती शोधण्यासाठी. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. कामत-बिने हे नाव मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अजून माहीत असते. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी मात्र तिला उलटे वळण दिले. १९२१ पासून त्यांनी कॅलिफोर्नियातली उच्च बुद्ध्यंकाची हजारावर मुले निवडून आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला. त्या निवडीत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुले तपासली गेली आणि गुण कमी पडले म्हणून वगळली गेली. शॉकलींना १९५६ साली आणि अल्वारेझना १९६८ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निवडलेल्या मुलांपैकी कोणालाही नोबेल मिळाले नाही.

म्हणून चाचणी टाकून द्यावी का? नाही. चाचणीत वर आलेल्या मुलाला आत घ्यायला तिचा आधार घ्यावा. चाचणीत खाली राहिलेल्या मुलाला बाहेर ठेवायला तिचा आधार घेऊ नये. माझ्या सगळ्या कामाचा हा एकच नियम आहे म्हटले तरी चालेल.

चाचणी कोणत्या भाषेत घ्यावी? शेवटी पुढे इंग्रजीच लागणार ना?

गोव्यात हा प्रश्न सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात कमी विचारला जातो.

आमच्याकडचे मूल घरी कोंकणी बोलते, चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकते, आणि पाचवीत इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात जाऊन बसते. काही घरांत कन्नड किंवा हिंदी असते, तिथे आणखी एक भाषा वाढते. पाचवीच्या जून महिन्यात या मुलाला इंग्रजी प्रश्नपत्रिका द्या आणि "प्रज्ञा" मोजा. तुम्ही मोजाल ते इंग्रजी. चौथीत पाढ्यांच्या पुढे जाऊन स्वतः युक्त्या काढणारी मुले पाचवीच्या पहिल्या सहामाहीत गप्प झालेली मी बघितली आहेत. नव्या शाळेतल्या शिक्षकाला ती गप्प मुले म्हणूनच माहीत होतात.

भाषेइतकाच आशयही आडवा येतो. एकदा एका तयार प्रश्नसंचात चार फळांची चित्रे होती: आंबा, फणस, काजू, नारळ. वेगळे कोणते? उत्तरपत्रिकेत नारळ बरोबर होता. तिसरीतल्या एका मुलीने काजूला गोल केला होता. गुण शून्य. मी पेपर तपासून बाजूला ठेवला, मग काय वाटले कोण जाणे, तिला बोलावून विचारले. ती म्हणाली, "टीचर, बाकी सगळ्यांची बी भितर आसता. काजूची भायर." बोंडूच्या खाली लटकणारी बी तिने उन्हाळाभर आजीबरोबर वेचली होती. ज्याने प्रश्न काढला त्याला तो फरक सुचलाही नसेल. मी तिला विचारले नसते तर ती मुलगी माझ्या यादीतून निघून गेली असती, आणि मला कधी कळले नसते. तेव्हापासून आम्ही चुकलेल्या उत्तरांवरही मुलांशी बोलतो. वेळ जातो. जाऊ द्यावा.

आम्ही आता पहिली फेरी फक्त आकृत्यांची घेतो. एका चौकटीत नमुना असतो, एक तुकडा गहाळ असतो, तो ओळखायचा. जे. सी. रेव्हन यांनी १९३८ मध्ये अशी चाचणी प्रथम प्रसिद्ध केली, तिचेच हे कुळ. सूचना आम्ही मराठीत आणि कोंकणीत तोंडी देतो, दोन नमुने सगळ्यांनी मिळून सोडवतो, मग सुरुवात. आकृत्यांची चाचणी भाषेच्या अडचणीतून सोडवते, सगळ्याच अडचणींतून नाही. ज्या मुलाने कधी चित्रकोडे हातात धरलेले नाही त्याला ती पहिल्यांदा परकीच वाटते. म्हणून ते नमुने मिळून सोडवणे वगळू नये.

शिक्षक रोज मुलाला बघतात. त्यांची शिफारस पुरे नाही का?

मी शिक्षिका आहे म्हणूनच सांगते, पुरे नाही.

एका वर्षी माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा सतत बाक वाजवायचा. बोटांनी, मग पट्टीने, मग पायाने. घरात भजनी मंडळ, वडील घुमट हे वाद्य वाजवणारे. मी त्याला पहिल्या बाकावर आणून बसवले, दोनदा त्याच्या वडिलांकडे तक्रार केली. शनिवारच्या वर्गासाठी नावे मागितली तेव्हा त्याचे नाव माझ्या मनातही आले नाही. मी दोन मुली सुचवल्या, दोघीही नीटनेटक्या आणि शांत.

दिवाळीनंतर लघुत्तम साधारण विभाज्य शिकवत होते. तीन आणि चार यांचा लसावि काढा म्हटले. वर्ग पाढे म्हणू लागला. हा डाव्या हाताने तीन-तीन आणि उजव्या हाताने चार-चार असे बाकावर वाजवू लागला. मी ओरडणार तेवढ्यात त्याने दोन्ही हात एकदम आपटले आणि म्हणाला, "बाराक मेळटात." मग न विचारता पुढे गेला: चार आणि सहा पण बाराला भेटतात, चोविसाला नाही, कारण दोघांत दोनाचा ठेका आधीच आहे. "दोनाचा ठेका आधीच आहे" हे वाक्य त्याने केले होते. सामाईक अवयव म्हणजे काय ते मी त्याला अजून शिकवले नव्हते. चार महिने तो माझ्यासमोर हाच विचार करत होता, आणि मी त्याला पट्टी खाली ठेव म्हणत होते.

ही चूक मी विसरलेली नाही. शिक्षकांना आज्ञाधारक, स्वच्छ वहीची, भाषा चांगली असलेली मुले आधी दिसतात, मलाही तशीच दिसली. त्यामुळे शिक्षकाच्या शिफारशीने मूल आत यावे, पण शिफारस नाही म्हणून बाहेर राहू नये.

मग सगळ्याच मुलांची चाचणी घ्यायची? एवढा खर्च कशाला?

हो, सगळ्यांची. याला पुरावा आहे, आणि तो मला कोणत्याही तत्त्वचर्चेपेक्षा जास्त पटतो.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या ब्रॉवर्ड जिल्ह्यात आधी पालक किंवा शिक्षक नाव सुचवतील त्याच मुलांची तपासणी व्हायची. २००५ पासून जिल्ह्याने दुसरीतल्या प्रत्येक मुलाला भाषेवर न बेतलेली चाचणी दिली आणि जी वर आली त्यांची पुढची तपासणी केली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. डेव्हिड कार्ड यांना पुढे २०२१ चे नोबेल मिळाले, ते वेगळ्या कामासाठी. वंचित घरांतल्या मुलांचे निवडीतले प्रमाण १८० टक्क्यांनी वाढले, म्हणजे जवळपास तिप्पट झाले. मुख्य निकष तोच होता, मुले त्याच शाळांत आधीही होती, फक्त त्यांच्यासाठी कोणी हात वर केला नव्हता. पुढे मंदीत पैसे कमी पडले, सगळ्यांची चाचणी बंद झाली, आणि प्रमाण पुन्हा खाली आले.

गोवा लहान राज्य आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गाडीने अर्ध्या दिवसात जाता येते. तिसरीतल्या सगळ्या मुलांना आकृत्यांचा एक तासाचा पेपर देणे आपल्या आवाक्यात आहे असे माझे ठाम मत आहे. पहिल्या फेरीला मानसशास्त्रज्ञ लागत नाही, कागद लागतो आणि दोन शिक्षक लागतात.

दुर्गम वाड्यावरच्या मुलांना कमी गुणांवर घेणे हा बाकीच्यांवर अन्याय नाही का?

प्रश्न रास्त आहे, आणि रागाने विचारला जातो तेव्हाही मी त्याला नीट उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

आधी हे ठरवा की आपण काय शोधतो आहोत. पणजीत घरी संगणक, पुस्तके, शिकवणी असलेल्या मुलाने ८० गुण मिळवले, आणि सांगे किंवा सत्तरीच्या आतल्या वाड्यावर, एकाच शिक्षकाकडे चार इयत्ता असलेल्या शाळेतल्या मुलीने ७०. तिला आजवर जे मिळाले त्याच्या मानाने ७० कुठे पोचतात याचा विचार करायचा की नाही? शिवाय त्या मुलीच्या वर्गात तिच्या पुढे-मागे कोणी नाही, ८० वाल्याच्या वर्गात त्याच्यासारखे चौघे आहेत आणि त्याचे शिक्षक त्या पातळीवर शिकवतात. गरज कोणाची मोठी?

म्हणून प्रत्येक शाळेतली वरची काही मुले घ्यावीत, साऱ्या तालुक्यासाठी एकच रेघ ओढू नये. टेक्सास राज्याने १९९७ मध्ये असाच कायदा केला: राज्यातल्या प्रत्येक हायस्कुलातल्या वरच्या दहा टक्क्यांना सरकारी विद्यापीठांत प्रवेशाची हमी. शाळा कुठली, हे विचारायचे नाही. नवोदयचा ग्रामीण जागांचा नियम याच विचाराचा. या पद्धतीत शहरातल्या चांगल्या शाळेतला एखादा खरोखर पात्र मुलगा राहून जाऊ शकतो. त्याच्यासाठी दुसरे दार ठेवावे, ते पुढच्या प्रश्नात आहे.

तुमच्याकडे निवड प्रत्यक्षात कशी होते?

आकृत्यांचा पेपर तिसरीतल्या सगळ्यांना. प्रत्येक शाळेतली साधारण वरची पाव मुले पुढे येतात. त्यांच्याबरोबर शिक्षकांनी, पालकांनी सुचवलेली आणि "मला यायचे आहे" असे स्वतः सांगणारीही येतात. मूल स्वतःहून येते त्याला मी कधी नाही म्हणत नाही.

मग चार शनिवार उघडे वर्ग. तिथे गुण नसतात, आम्ही बघतो आणि लिहून ठेवतो. गणेशचतुर्थीच्या आसपास आम्ही मुलांना माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीला, बांधायच्या वस्तू आणायला सांगतो: सुपारीचा घोस, कांगलां, तोरिंगण, नीरफणस, रानातले जे मिळेल ते. जमिनीवर पसरायचे आणि गट करायचे. पहिल्या पाच मिनिटांत सगळे रंगाने गट करतात, मग खायचे-न खायचे. "आणखी कसे करता येतील?" हा प्रश्न आम्ही विचारत राहतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी बहुतेक मुले कंटाळून उठतात. एखादा मात्र तिथेच उकिडवा बसलेला असतो, फळ फोडून आत बघतो, बी वाऱ्याने जाते की पाखराने असे गट करतो, मग एक फळ दोन्ही गटांत बसते म्हणून वैतागतो. त्या वैतागासाठी आम्ही थांबलेले असतो.

चार शनिवारांनंतर दोन शिक्षक वेगवेगळी टिपणे वाचतात आणि मग नावे ठरतात. दरवर्षी दोनदा नवी मुले घेतो. ज्याला नको वाटेल त्याने सोडावे, त्याला नापास म्हणत नाही.

कोणत्या वयात निवड करावी?

बालवाडीत नको. त्या वयात जे दिसते ते बहुतेक घरातले वातावरण असते. तिसरी-चौथी बरी. पण एकदाच निवडून कायमचा शिक्का मारणे चूक आहे, कोणी आठवीत उमलते.

वयाची एक बारीक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. एका वर्षी प्रवेशाच्या तारखेच्या जरा नंतर जन्मलेले मूल आणि पुढच्या वर्षी त्या तारखेच्या जरा आधी जन्मलेले मूल एकाच वर्गात येतात, आणि त्यांच्यात जवळपास वर्षाचे अंतर पडते. आठ वर्षांच्या मुलाला अकरा महिने म्हणजे आयुष्याचा आठवा-नववा हिस्सा. शास्त्रीय चाचण्या वय महिन्यांत धरून गुण देतात. आपल्या शालेय स्पर्धा तसे करत नाहीत, त्यामुळे वर्गातली थोरली मुले हुशार वाटत राहतात. निवडीच्या यादीसमोर जन्मतारखा लिहून बघा.

माझ्या मुलाला वाचायला जमत नाही, पण तोंडी उत्तरे थक्क करणारी देतो. त्याला घेतील का?

घ्यायलाच हवे. डिस्लेक्सिया, म्हणजे अशी वाचनाची अडचण, आणि प्रज्ञा एकाच मुलात असू शकतात. अशा मुलांचे दोन्ही बाजूंनी नुकसान होते: बुद्धीच्या बळावर तो कसाबसा पास होतो म्हणून अडचण कोणाला दिसत नाही, आणि अडचणीमुळे गुण मध्यम राहतात म्हणून बुद्धी दिसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांचा समावेश आहे त्यात डिस्लेक्सियासारखी विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे, त्यामुळे शाळेकडे सवलती मागणे हा तुमचा हक्क आहे. तपासणी करून घ्या, आणि जादा वर्गासाठी प्रश्न तोंडी वाचून दाखवण्याची, उत्तर तोंडी घेण्याची मागणी करा. आधी वाचन सुधारू दे, मग बघू, असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. दोन्ही एकदम चालू शकते.

संगीत, नाटक, खेळ, बुद्धिबळ यांचे काय?

पात्रता त्या त्या विषयात बघावी. गणिताचा पेपर देऊन गाणारी मुलगी सापडत नाही. कुर्डीच्या मोगूबाई आणि केरीच्या केसरबाई या गायिका या मातीतल्याच. केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेला. त्यांना कोणी लेखी परीक्षेने निवडले नव्हते, कानाने निवडले होते. बुद्धिबळात आपल्याकडे अनुराग म्हामल आणि लिऑन मेंडोन्सा हे ग्रँडमास्टर झाले. तिथे तर पटावर बसवले की कळतेच.

निवडीसाठी क्लास लावावा का?

नाही. तयारी करून जी निवड होते ती मोडीत काढायला हवी, आणि आम्ही दरवर्षी आकृत्या बदलतो ते त्यासाठीच. त्या पैशांत मुलाला एक भिंग आणि वाचनालयाची वर्गणी द्या.

हुशार मुले वेगळी काढली तर वर्गात उरलेल्यांचे काय?

या प्रश्नाने माझी झोप उडालेली आहे. प्राथमिक शाळेत कायमची वेगळी तुकडी मला मान्य नाही. आठ वर्षांच्या मुलांना "अ" आणि "ब" कळतात, लगेच कळतात. शिक्षणहक्क कायद्याच्या १३ व्या कलमाने प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाळणी करायला बंदी केली आहे, पहिल्यांदा २५,००० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी ५०,०००. तो नियम योग्यच आहे. शाळेचे दार सगळ्यांना सारखे. त्यानंतर आत कोणाला काय शिकवायचे यात फरक करायला मात्र काही हरकत नाही, जसा आपण मागे पडलेल्या मुलांसाठी जादा तास घेतो.

आठवड्यातून काही तास वेगळे, बाकी वेळ आपल्या वर्गात. शनिवारी जे केले ते सोमवारी वर्गात सगळ्यांसमोर मांडायचे. माटोळीचे गट करणे आता आमच्या शाळेत सगळ्याच तिसरीला देतात. ज्या गोष्टी प्रत्येक मुलाला द्यायला हव्यात त्या "प्रज्ञावानांसाठी" म्हणून राखून ठेवल्या तर लोक चिडणारच, आणि त्यांचे चिडणे बरोबर आहे.

त्यापेक्षा एक इयत्ता पुढे बसवले तर?

क्वचित. मुलाची वाढ, त्याची इच्छा आणि दोन्ही वर्गांचे शिक्षक, तिन्ही बाजूंनी होकार असेल तर. एकाच विषयापुरते पुढे पाठवणे जास्त सोपे, चौथीतला मुलगा गणिताच्या तासाला पाचवीत. आमच्यासारख्या लहान, एकत्र इयत्ता बसणाऱ्या शाळेत तर त्याला जागाही बदलावी लागत नाही. अशा शाळांच्या या सोयीचा आपण फार कमी उपयोग करतो.

माझ्या मुलीची निवड झाली नाही. आता मी काय करू?

पहिल्यांदा शाळेत जाऊन निकष विचारा. गुण किती, कशात, कोणी बघितले. हे सांगायला निवड करणारे बांधील आहेत. सांगता येत नसेल तर ती निवड नीट झालेली नाही. तिचा पेपर बघायला मागा आणि चुकलेल्या उत्तरांबद्दल तिलाच विचारा. वर लिहिलेल्या काजूसारखे काही निघाले तर ते कागदावर लिहून शिक्षकांना द्या. पुढची फेरी कधी आहे ते विचारून ठेवा. फेरी नसेलच तर पालक-शिक्षक संघात विषय काढा, एकटीने नाही, चार पालक मिळून.

घरी मात्र "तू कमी पडलीस" असा सूर नको. तिला कशात रस आहे त्याचे काम चालू ठेवा. ज्या घुमटवाल्या मुलाबद्दल वर लिहिले, त्याला मी डिसेंबरात शनिवारच्या वर्गात पाठवले, तेव्हा नावे ठरून तीन महिने झाले होते. एक खुर्ची जादा ठेवावी लागली, इतकेच.